टकटकबाईंनी माऊस सोडला

इस्पितळाच्या नोंदणी विभागात पाच खिडक्या होत्या आणि तीन नंबरच्या खिडकीमागे टकटकबाई बसत. हे नाव त्यांना टाइपरायटरच्या दिवसांत पडलं. लग्नाआधी त्या टायपिंगच्या वर्गाला जात. तिथले मास्तर विद्यार्थ्यांच्या बोटांवर फडकं टाकत आणि फडक्याखालून टाइप करायला लावत. चूक झाली की कागद फाडून नवा हातात. त्या जाचातून तयार झालेली बोटं घेऊन बाई इस्पितळात लागल्या, आणि महिन्याभरातच त्यांच्या मशीनचा आवाज कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला ओळखू येऊ लागला. कुणीतरी आवाजावरून नाव ठेवलं, ते चिकटलं. बाईंनी राग धरला नाही. रंगरूपावरून नाव ठेवण्यापेक्षा कामावरून ठेवलेलं बरं, असं त्या म्हणत.

पुढं टाइपरायटर गेले आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवणारे संगणक आले. त्यानं बाईंचं काही बिघडलं नाही. तिथंही सगळा कारभार कळांचाच होता. नाव, वय, पत्ता, विभाग, की झाली नोंद. पेशंट खिडकीशी पोचून पिशवीतून जुना कागद काढेपर्यंत बाईंचं अर्धं काम उरकलेलं असे.

मग ब्राउझरमध्ये चालणारा नवा प्रोग्राम आला. दिसायला तो गोजिरवाणा होता. निळ्या पट्ट्या, गोल कोपऱ्यांची बटणं, वर इस्पितळाचं चित्र. पण काम करायला बसलं की जीव मेटाकुटीला येई. माऊसनं एका चौकोनावर टिचकी मारायची, मग कीबोर्डवर येऊन नाव लिहायचं, परत माऊसकडं जायचं, दुसऱ्या चौकोनावर टिचकी, परत कीबोर्ड. विभाग निवडायचा तर एक भलीमोठी यादी खाली उलगडे आणि तिच्यातून हवं ते नाव बाणानं नेमकं पकडावं लागे. बाण जरा घसरला की हाडांच्या पेशंटची नोंद त्वचारोगात. जुना पेशंट शोधायचा तर आधी मुख्य पान, मग मेनू, मेनूच्या पोटात आणखी एक मेनू, मग शोध, मग निकालांची यादी. एका नोंदणीला अठ्ठावीस टिचक्या. बाईंनी एकदा मोजल्या होत्या.

रांग वाढू लागली. पूर्वी तीन नंबरची रांग सगळ्यात आधी सरायची, म्हणून जाणते लोक मुद्दाम तिथं उभे राहायचे. आता पाचही खिडक्या सारख्याच रखडत. एक दिवस रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काचेच्या गोल भोकातून अगदी सभ्यपणे विचारलं, "बाई, जरा हात चालवता का? पाय दुखतायत." म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. पण उभ्या नोकरीत बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन त्या पुढच्या खोलीतच बसून राहिल्या.

त्यांचे यजमान शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, कपडे टांगायला दांडी आणि कापायचं लांब टेबल. त्यांनी बायकोचा चेहरा बघितला. पॅंटची शिलाई पुरी केली, दोरा तोडला आणि मग म्हणाले, "उजवा हात का चोळते आहेस मघापासून?"

तेव्हा कुठं बाईंच्या लक्षात आलं की आपण हात चोळतोय.

मनगट महिनाभर कुरकुरत होतं. अंगठ्याच्या बुडापासून कळ निघायची ती कोपरापर्यंत जायची. बादली उचलताना हात सुटायचा. शेवटी त्या आपल्याच इस्पितळात, वरच्या मजल्यावरच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. त्यांनी मनगट इकडं तिकडं वळवून पाहिलं आणि विचारलं, "दिवसभर माऊस?"

"दिवसभर."

"सहा आठवडे त्याला हात लावायचा नाही. बोटं हलवा, हरकत नाही. मनगट वळता कामा नये." आणि त्यांनी हाताला कडक पट्टा बांधला.

नोंदणी विभागाचे प्रमुख माणूस म्हणून वाईट नव्हते. पट्टा बघितला आणि त्यांनी लगेच तोड काढली. "बाई, तुम्ही रेकॉर्ड रूममध्ये बसा. जुन्या फायलींवर नुसते नंबर घालायचेत. शांत जागा आहे. आता तुमची तरी किती वर्षं राहिली आहेत?"

प्रमुखांच्या तोंडून ते मायेनंच आलं होतं आणि त्यामुळंच बाईंना जास्त लागलं. रेकॉर्ड रूम म्हणजे तळघरातली खोली. तिथं ज्याची बदली होते त्याचं नाव हळूहळू लोकांच्या तोंडातून जातं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, आठ दिवस द्या. डाव्या हातानं जमतं का बघते."

डाव्या हातानं जमेना. बाण पडद्यावर पिसाळल्यासारखा पळायचा. एका बाईंचं वय चार वर्षं आणि त्यांच्या नातवाचं एकसष्ट, अशी नोंद झाली. आजीबाईंना हसू आलं, पण मागच्या रांगेला नाही.

दुपारी बाई नेहमीप्रमाणं डबा घेऊन टेलिफोनच्या खोलीत गेल्या. इस्पितळात येणारे सगळे फोन त्या छोट्या खोलीतून जात. तिथं ऑपरेटर बसत. पंचेचाळिशीचे, नीट इस्त्री केलेला सदरा, जन्मापासून दृष्टी नाही. बाईंची आणि त्यांची डबा खाण्याची जोडी बरीच जुनी होती. बाईंनी सगळी हकीकत सांगितली. चार वर्षांची आजीही सांगितली. ऑपरेटर आधी मनसोक्त हसले. मग म्हणाले, "ताई, पण माऊस हवा कशाला तुम्हाला?"

"मग काम कसं करायचं? त्याच्याशिवाय पान हलतं का?"

"माझ्या टेबलावर माऊस आहे का बघा."

बाईंनी पाहिलं. इतकी वर्षं त्या खोलीत जेवल्या होत्या, पण हे कधी त्यांच्या नजरेत आलं नव्हतं. टेबलावर फोनचं यंत्र होतं, कानाला लावायचा हेडफोन होता, संगणक होता आणि कीबोर्ड होता. माऊस नव्हता.

"मला बाण दिसत नाही, म्हणजे तो असून नसून सारखाच," ऑपरेटर म्हणाले. "माझा संगणक मला पान वाचून दाखवतो आणि मी कळांनी फिरतो. तुमचा तो प्रोग्राम माझ्याकडंही आहे. कोणता पेशंट कोणत्या वॉर्डात हे मी त्यातच बघतो. टॅबची कळ दाबा, पुढच्या चौकोनात जाल. शिफ्ट धरून टॅब दाबा, मागं याल. बसा इथं."

बाई बसल्या. ऑपरेटर शेजारी उभे राहिले आणि न बघता सांगू लागले. टॅब, नाव लिहा. टॅब, वय. टॅब, आता विभागांची यादी. "ती उलगडू नका. हाडांचा विभाग हवा ना? यादीवर आहात तसंच नावाची पहिली दोन-तीन अक्षरं भराभर लिहा." बाईंनी लिहिली. यादी आपोआप त्या नावावर जाऊन थांबली. "टॅब. आता खुणेचा चौकोन, पूर्वी आला होता का म्हणून विचारतो तो. स्पेस दाबा, खूण होईल."

खूण झाली. बाईंनी हात मागं घेतले आणि थोडा वेळ पडद्याकडं नुसत्या बघत राहिल्या. फडक्याखाली टाइप करायला लावणारे मास्तर त्यांना आठवले की नाही कोण जाणे. पण खांदे सैल पडले होते, आणि डबा तसाच राहिला होता.

आठ दिवस दोघांची शाळा चालली. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. त्यात दहा मिनिटं जेवण आणि वीस मिनिटं धडा. पानावर एखादी गोष्ट सापडत नसेल तर कंट्रोल आणि एफ दाबून तिचं नाव लिहायचं. पान स्वतःहून तिथं जातं. मग एस्केप दाबायचं, की तिथूनच पुढं टॅबनं जाता येतं. चुकून एखादं पान बंद झालं तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी, की ते परत उघडतं. या एका गोष्टीचा बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तीनदा पान बंद करून तीनदा उघडलं. कंट्रोल आणि टॅबनं एका पानावरून दुसऱ्यावर. कंट्रोल आणि एल दाबलं की थेट वरच्या पत्त्याच्या पट्टीत.

घरी त्या जेवणाच्या टेबलावर बोटं नाचवत. मुलीनं विचारलं, "आई, पेटी शिकतेस की काय?" यजमान म्हणाले, "नाही गं, ती घर पाठ करते आहे. अंधारात उठून मडक्यातलं पाणी पितो की नाही आपण? तसं." मग बायकोकडं वळून म्हणाले, "सुईत दोरा ओवताना डोळे लागतात. शिवताना लागत नाहीत. तुझी शिलाई सुरू झालीय."

पत्त्याच्या पट्टीतली गोष्ट मात्र बाईंनी स्वतः शोधली. जुन्या पेशंटचं पान उघडलं की वरच्या पत्त्याच्या शेपटाला एक आकडा असतो, हे त्या बघत होत्या. एक दिवस नीट पाहिलं तर तो पेशंटचा नोंदणी क्रमांकच होता. त्यांनी पट्टीत जाऊन तेवढा आकडा बदलला, एंटर दाबलं, आणि दुसऱ्या पेशंटचं पान समोर आलं. मेनू नाही, पोटमेनू नाही, शोध नाही. आता पाच पानं ओलांडायची गरज नव्हती.

धावत सुटायचं वय नव्हतं, पण त्या टेलिफोनच्या खोलीकडं जरा झपझपच गेल्या. ऑपरेटरनी ऐकलं आणि खुर्चीत ताठ बसले. "हे मला माहीत नव्हतं, ताई. इतकी वर्षं मी प्रत्येक वेळी पाच पानं चढतोय." मग त्यांनीच पुढचा टप्पा सुचवला. ब्राउझरमध्ये त्या पत्त्याला एकाक्षरी टोपणनाव देता येतं. दोघांनी मिळून ते बसवलं. पट्टीत जायचं, 'के' हे एक अक्षर, स्पेस, पेशंटचा क्रमांक आणि एंटर. पेशंटनं जुना कागद काचेला टेकवला की पुढच्या श्वासाला त्याची सगळी माहिती पडद्यावर.

आठवडा संपला तेव्हा प्रमुख तीन नंबरच्या खिडकीमागं येऊन उभे राहिले. खिडकीतून टकटक ऐकू येत होती. हळू, पण न थांबणारी. पट्टा बांधलेला उजवा हात कीबोर्डवरून उठत नव्हता आणि रांग सरकत होती. प्रमुखांनी रांगेकडं पाहिलं. "चाललंय की," म्हणाले, आणि रेकॉर्ड रूमचा विषय पुन्हा निघाला नाही.

एकच खोट राहिली होती. 'जतन करा' हे शेवटचं बटण टॅबला सापडत नव्हतं. शेवटच्या चौकोनातून टॅब दाबलं की पान ते बटण ओलांडून भलतीकडंच जायचं. एंटर दाबूनही उपयोग नव्हता. तेवढ्या एका टिचकीसाठी बाईंना डाव्या हातानं माऊस धरावा लागे. त्यांनी दुपारी तक्रार केली. "सगळं जमलं, पण हे एक बटण माझ्या हाती लागत नाही हो. तुम्ही काय करता?"

ऑपरेटर पोळीचा तुकडा हातात धरून थांबले.

"मी काही करत नाही," ते म्हणाले. "मला नुसतं बघायचं काम असतं, तिथं जतन लागत नाही. पण रजेचा अर्ज त्याच प्रोग्राममधून करायचा असतो ना. तिथंही शेवटी तेच बटण. माझा संगणक ते वाचतच नाही. त्याच्या लेखी तिथं काही नाहीच."

"मग रजा?"

"कुणाला तरी बोलावतो. वॉर्डबॉय, सिस्टर, जे असेल ते. सगळं भरून ठेवतो आणि म्हणतो, एवढं बटण दाबा. चार वर्षं झाली." ते हसले, पण नेहमीसारखं नाही. "बटण दाबता दाबता लोक रजेचं कारण वाचतात, ताई. वडील गेले त्याआधी दुसऱ्या इस्पितळाच्या वाऱ्या चालल्या होत्या, ते सगळ्या कॉरिडॉरला माहीत झालं. मी कुणाला सांगितलं नव्हतं."

बाईंना त्या वेळची आठवण होती. त्यांनीही कॉरिडॉरमध्येच ऐकलं होतं. आणि यांनी आपल्याला कसं सांगितलं नाही, म्हणून मनातल्या मनात थोड्या रुसल्याही होत्या. आता त्यांनी डबा बंद केला आणि खिडकीवर परत गेल्या. आपल्याला जी टिचकीभर अडचण वाटत होती, ती शेजारच्या खोलीत चार वर्षं बंद दार होऊन उभी होती, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

महिन्याभरानं प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीची एक अभियंता मुलगी इस्पितळात आली. प्रोग्राम वापरताना कसं वाटतंय, हे विचारायला. प्रमुखांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की उगाच रडगाणी गाऊ नका, छान आहे म्हणा. बाकीच्या चारही खिडक्यांवर सगळं छानच होतं. मुलगी तीन नंबरवर आली आणि बाईंच्या मागं उभी राहून बघू लागली. बघता बघता तिनं वही बंद केली.

"काकू, तुम्ही माऊस वापरतच नाही?"

"एकदा वापरते. प्रत्येक नोंदीला एकदा." बाईंनी शेवटच्या चौकोनात जाऊन टॅब दाबून दाखवलं. "हे बटण सापडत नाही."

मुलीनं वाकून पाहिलं. "अरे, हे बटण नाहीच. बटणासारखं दिसणारं चित्र आहे. माऊसनं दाबलं तर चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नसेल." ती जरा ओशाळली. "पण एका टिचकीनं फार अडत नसेल ना?"

प्रमुखांनी मागून घसा खाकरला. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. खिडकीवर 'पाच मिनिटांत येते' अशी पाटी लावली आणि म्हणाल्या, "माझं फार अडत नाही. ज्यांचं अडतं त्यांच्याकडं चल."

टेलिफोनच्या खोलीच्या दाराशी मात्र बाई थबकल्या. मुलीला बाहेर थांबवून त्या एकट्या आत गेल्या. "तुमची परवानगी न घेता मी कुणाला घेऊन आले आहे. नको असेल तर परत नेते."

ऑपरेटरनी कीबोर्ड पुढं ओढला. "येऊ द्या."

त्यांनी रजेचा अर्ज उघडला. आवाज मोठा केला, म्हणजे संगणक काय वाचतो ते मुलीलाही ऐकू यावं. आवाज इतक्या वेगानं बोलत होता की तिला आधी काही कळेना. मग तो मुद्दाम हळू केला. तारीख. कारण. फोन नंबर. आणि मग एकदम पानाच्या तळाचा मजकूर, हक्क राखीव वगैरे. ऑपरेटर शिफ्ट आणि टॅब दाबून मागं आले. फोन नंबर. परत पुढं गेले. हक्क राखीव. मागं, पुढं, मागं, पुढं. एकदा फोन आला, तो त्यांनी बालरोग विभागाला जोडून दिला आणि पुन्हा तेच करून दाखवलं.

"किती दिवसांपासून असं आहे?" मुलीनं शेवटी विचारलं.

"तुमचा प्रोग्राम आला तेव्हापासून."

"कुणी कळवलं नाही आम्हाला."

"कळवायचा अर्जही त्याच प्रोग्राममध्ये आहे," ऑपरेटर म्हणाले. "त्यालाही तेच बटण."

मुलगी हसली नाही. खाली बसून तिनं सगळं लिहून घेतलं. आणखी काय काय सापडत नाही तेही विचारलं. यादी दीड पान झाली. जाताना म्हणाली, "बटणाचं काम अर्ध्या दिवसाचंसुद्धा नाही. बाकीचं लवकर होईल असं खोटं सांगत नाही."

तिनं शब्द पाळला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बाईंनी शेवटच्या चौकोनातून सवयीनं डावा हात माऊसकडं नेला, मध्येच थांबवला आणि टॅब दाबून पाहिलं. 'जतन करा' भोवती बारीक काळी चौकट उमटली. एंटर. नोंद झाली. समोर उभ्या बाईंना काहीच कळलं नाही. त्यांनी आपला कागद घेतला आणि त्या गेल्या. दीड पानाच्या यादीतली बाकीची कामं मात्र रखडली. तारखेचं कॅलेंडर तर अजूनही कळांना दाद देत नाही.

पट्टा सुटला, मनगट बरंचसं सुधारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता माऊस थोडा थोडा चालेल. टकटकबाईंनी तो खणात टाकला होता, तो तिथंच राहू दिला. दोन नंबरच्या खिडकीवरची त्यांची मैत्रीण दोन दिवस शिकली आणि कंटाळून परत माऊसकडं गेली. पाच नंबरवरची नवी मुलगी मात्र असं शिकली की आता तिचीच रांग आधी सरते. बाईंना त्याचं बरं वाटतं, आणि किंचित वाईटही वाटतं. तेही त्या लपवत नाहीत.

बटण दुरुस्त झाल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाई दुपारी डबा घेऊन टेलिफोनच्या खोलीत गेल्या, तर खुर्चीत दुसरीच बाई. "ते आज रजेवर आहेत," ती म्हणाली. बाईंनी परत येऊन पाचही खिडक्यांवर विचारलं, वॉर्डबॉयला विचारलं, सिस्टरला विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. प्रमुखांनी फक्त एवढं सांगितलं की अर्ज आला होता, मंजूर केला. बाई आपल्या खिडकीमागं बसून एकट्याच जेवल्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर जागेवर होते. इस्त्रीचा सदरा, कानाला हेडफोन. बाई समोर बसल्या, डबा उघडला आणि न राहवून विचारलं, "काल कुठं होतात?"

"काम होतं," ते म्हणाले.

"कसलं?"

"खाजगी."

बाईंनी मान हलवली. ती त्यांना दिसणार नव्हती, म्हणून मग "बरं" म्हणाल्या, आणि दोघं जेवायला लागले.